गोळी का थांबली, हे आधी विचारा

वसई-विरारमध्ये कुणी जरा विचित्र वागला की "याला ठाण्याला पाठवा" असं सहज म्हटलं जातं. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 सालचं. 2014 मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, पण थट्टेतलं ठाणं काही सुटलं नाही. स्किझोफ्रेनिया म्हणजे गज, कुलूप आणि कायमची भरती, हा समज त्या थट्टेतूनच पोसला जातो. प्रत्यक्षात बहुतेक रुग्ण घरीच राहतात. त्यांची शुश्रूषा आई, बहीण किंवा बायको करते, आणि या शुश्रूषेतला निम्मा भाग गोळ्यांभोवती फिरतो. गैरसमजही तिथेच जास्त.

"बरं वाटतंय, आता गोळ्या बंद. नाहीतर सवय लागेल."

दारूची किंवा झोपेच्या गोळ्यांची लागते तशी चटक या औषधांची लागत नाही. पण अचानक थांबवली की आजार उलटतो. 1999 साली न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात दिसलं, की पहिल्या झटक्यातून सावरलेल्यांपैकी पाच वर्षांत सुमारे 82 टक्के लोकांना आजार पुन्हा झाला, आणि औषध सोडलेल्यांना हा धोका जवळजवळ पाचपट होता. तब्येत सुधारली ती गोळीमुळे, हे घरच्यांच्या लक्षात येत नाही. मात्रा कमी करायची तर डॉक्टरांशी बोलून, हळूहळू.

"गोळ्या घेऊनही घरभर येरझाऱ्या घालतो. आजार वाढलाय."

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. नालासोपाऱ्यातल्या वन-रूम-किचनमध्ये नवी गोळी सुरू झालेला मुलगा दारापासून ओट्यापर्यंत सारखा फिरतो. ताटावर बसला तरी पाय हलत राहतात, दोन घास खाऊन उठतो. विचारलं तर सांगतो, "आतून बसवत नाही." घरच्यांना वाटतं, वेड चढलं. पुढच्या खेपेला ते डॉक्टरांना तेवढंच सांगतात आणि मात्रा वाढते. त्रास आणखी वाढतो. खरं तर हा अनेकदा औषधाचाच परिणाम असतो. त्याला अकॅथिसिया म्हणतात. मात्रा कमी केली, औषध बदललं किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी जोडली की तो आटोक्यात येतो. जाणती परिचारिका म्हणूनच "शांत आहे का?" एवढ्यावर थांबत नाही. "बसवतं का, हात थरथरतात का, लाळ गळते का, शौचाला होते का?" असं एकेक विचारते. माझं मत स्पष्ट आहे: गोळी सोडणारा माणूस हट्टी नसतो, बहुतेकदा त्याच्या तक्रारीकडे कुणी लक्षच दिलेलं नसतं.

"मान वाकडी झाली, डोळे वर गेले. बाधा झाली."

औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत, विशेषतः हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधाने, मानेचे किंवा डोळ्यांचे स्नायू आखडू शकतात. दिसायला भीतीदायक, आणि भगताकडे नेण्याचा मोह इथेच होतो. दवाखान्यात योग्य इंजेक्शन मिळालं की बहुधा थोड्याच वेळात मान सुटते. अंग ताठ, जोराचा ताप, घाम आणि भ्रम अशी लक्षणं एकत्र दिसली तर मात्र वाट पाहू नये. हा दुर्मिळ पण जिवावर बेतणारा परिणाम आहे. तडक रुग्णालय गाठावं.

क्लोझापिनवर असलेल्यांसाठी पावसाळ्यात एक वेगळी खबरदारी. आपल्याकडे ताप आला की मलेरिया-डेंग्यू म्हणून पॅरासिटामॉल घेऊन बसतात. क्लोझापिनमुळे क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीला उतरतात, म्हणून ताप किंवा घसादुखी आली की त्याच दिवशी सीबीसी करावी. सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला रक्त तपासतात ते याचसाठी. या गोळीने होणारी बद्धकोष्ठताही क्षुल्लक समजू नये, कधी आतडीच अडकतात. ओलान्झापिन घेणाऱ्यांनी वजन आणि साखर पाहत राहावी.

"आमटीत कालवून दिली की झालं."

आईची मजबुरी समजते. पण किती औषध पोटात गेलं ते कळत नाही, आणि एकदा उघडकीला आलं की "जेवणात काहीतरी घालतात" हा त्याचा संशय खराच ठरतो. मग घरचं अन्नही बंद. रोजची गोळी जमत नसेल तर दोन-चार आठवड्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन मिळतं. ते रुग्णाच्या संमतीने सुरू करावं.

"आवाज खोटे आहेत हे पटवून द्यायचं."

वाद घातला तर तो गप्प होतो, होकार दिला तर भास पक्का होतो. परिचारिका मधली वाट धरते: "मला तो आवाज येत नाही, पण तुम्हाला येतोय आणि भीती वाटतेय, हे कळतंय." मग एक प्रश्न हमखास विचारते: आवाज काही करायला सांगतोय का? स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल तर माणसाला एकटं सोडायचं नाही आणि लगेच डॉक्टरांना गाठायचं.

राहिला हिंसेचा मुद्दा. बहुतेक रुग्ण कुणावर हात उचलत नाहीत, उलट मार खाणाऱ्यांतच ते जास्त असतात. साखळीने बांधणं तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने निषिद्धच आहे.

पुढच्या तपासणीला जाताना गोळ्यांची पाकिटं, उरलेल्यांसकट, सोबत न्या आणि कुठली गोळी कधीपासून चुकली ते न लाजता सांगा. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलते.