पेट्रोलचा काटा खोटे सांगतो तेव्हा

शिरड शहापूरहून वसमतेस किंवा औंढा नागनाथास आजारी माणसाला घेऊन अपरात्री निघालेल्या गृहस्थास मोटारीच्या टाकीत पेट्रोल किती उरले हे नक्की ठाऊक असावे लागते. काटा अर्ध्यावर दिसत असता गाडी वाटेत बंद पडली, म्हणजे सारा दोष त्या काट्यावर येतो, आणि पुष्कळ मिस्त्रीही नवे मीटर बसविण्याचाच सल्ला देतात. आमच्या मते काटा बहुधा निर्दोष असतो. टाकीतून जसा निरोप येईल तसा तो सांगतो, इतकेच.

१९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीस असा काटाच नव्हता. टाकी बहुधा आसनाखाली असे. आसन उचलून तीत काठी बुडवावी आणि ती कोठवर भिजली हे पाहावे, अशी वहिवाट होती. (फटफटी हलवून टाकीतील आवाज ऐकणारे आमचे तरुण त्याच परंपरेतले!)

पुढे काठीचे काम विजेकडे आले. घरच्या पाण्याच्या टाकीत नळ बंद करणारा गोळा आपण पाहतो. तसाच एक फ्लोट पेट्रोलवर तरंगतो. त्याच्या दांडीचे टोक विजेस अडथळा करणाऱ्या पट्टीवरून सरकते. पेट्रोल उतरले की दांडी खाली येते, अडथळा बदलतो, आणि तारेतून जाणारा प्रवाह बदलल्याने काटा हलतो. हा अडथळा ओहममध्ये मोजतात. एका अमेरिकन पद्धतीत रिकाम्या टाकीस २४० व भरलेल्या टाकीस ३३ ओहम धरतात; एका युरोपीय पद्धतीत रिकाम्या टाकीस १० व भरलेल्या टाकीस १८०. दोहोंची दिशा उलट आहे, हे ध्यानात असावे.

आता परीक्षा. प्रथम फ्यूज पाहावा. इंजिनाच्या उष्णतेचा काटाही त्याच वेळी बिघडला असेल, तर दोष दोहोंस वीज पुरविणाऱ्या सामाईक भागात असण्याचा संभव अधिक. नंतर टाकीपासून गाडीच्या लोखंडी सांगाड्यास जोडलेली अर्थिंगची तार पाहावी. आमच्याकडील चिखल व पावसाळा यांमुळे तीस गंज चढतो, आणि ती घासून पुन्हा घट्ट बसविली की पुष्कळदा सारे काम तेथेच संपते.

तेवढ्याने न भागल्यास किल्ली बंद ठेवून टाकीकडून काट्याकडे जाणारी तार सोडवावी. किल्ली फिरवून काटा कोठे थांबतो ते पाहावे. पुन्हा किल्ली बंद करून तीच तार सांगाड्यास घट्ट लावावी आणि क्षणभरच किल्ली फिरवावी. काटा एका टोकाहून दुसऱ्या टोकास गेला, तर काटा व तार दोन्ही ठीक. दोष टाकीतील युनिटात आहे. तो मुळीच हलला नाही, तर तार तुटलेली किंवा मीटर बिघडलेले समजावे. तार लावताना किल्ली चालू ठेवू नये. टाकीजवळ एक ठिणगीही फार झाली. ज्या नव्या गाड्यांत काटा संगणकाच्या हुकमाने चालतो, त्यांस ही परीक्षा लागू नाही.

टाकीतील युनिट बाहेर काढण्याचे काम जाणत्या मिस्त्रीचे, आणि तेही उघड्या हवेत, बॅटरीची तार सोडवूनच. विद्यार्थ्यांनी दुरून पाहावे. दांडी सावकाश हलविताना मल्टीमीटरवरील आकडा एकसारखा चढला वा उतरला पाहिजे. मध्येच उडी मारील तर पट्टी झिजली आहे. फ्लोट कानाजवळ हलवून पाहावा. आत पेट्रोल डुचमळत असेल तर तो बुडतो, आणि टाकी भरलेली असूनही काटा रिकामीच दाखवितो. पितळी फ्लोटास डाग देण्याचा मोह काहींस होतो. आत वाफ कोंडलेली असल्याने तो उष्णतेने फुटू शकतो. नवाच घ्यावा.

दुरुस्तीनंतर टाकीत मोजून ५ लिटर पेट्रोल घालावे, काटा किती चढला ते टिपून ठेवावे, मग पुन्हा ५ लिटर घालावे. हा हिशेब जुळेपर्यंत किलोमीटरच्या आकड्यावरूनच पेट्रोल भरीत जावे.