वादांचे घर आणि आपली माळवदे

कंपनीच्या कामासाठी जपानला गेलो असताना एक रविवार मोकळा मिळाला. ताकायामाहून बसने तासाभरात शिराकावा-गो खोऱ्यातल्या ओगिमाची या खेड्यात पोहोचलो. १९९५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेले हे गाव. तिथले सर्वांत मोठे घर वादा घराण्याचे. इंग्रजी पाटीवरचे हे नाव मराठी माणूस ‘वाडा’ असेच वाचणार, आणि घर पाहिल्यावर ते शोभतेही!

छप्पर गवताचे, पण इतके उभे की दोन हात जोडल्यासारखे दिसते. म्हणूनच या बांधणीला ‘गाश्शो-झुकुरी’ म्हणतात. गाश्शो म्हणजे नमस्कारासाठी जोडलेले हात. हिवाळ्यात इथे प्रचंड बर्फ पडतो, तो घसरून जावा म्हणून हा उतार. छपराच्या सांगाड्यात खिळे नाहीत. वासे दोरांनी आणि लवचिक फांद्यांनी करकचून बांधलेले. माळ्यावर चढले की त्या गाठी अगदी जवळून दिसतात. याच माळ्यावर पूर्वी रेशमाचे किडे पाळत. वादा घराणे गावचे प्रमुख होते आणि बंदुकीच्या दारूला लागणाऱ्या सोऱ्याचा व्यापार करायचे.

खाली जमिनीत चौकोनी चूल आहे, तिला ‘इरोरी’ म्हणतात. तिचा धूर वर जाऊन गवत कोरडे ठेवतो आणि कीड लागू देत नाही. म्हणजे घरात माणसे राहिली, चूल पेटली, तरच छप्पर टिकते. वादांचे कुटुंब आजही घराच्या एका भागात राहते, बाकीचा भाग पाहुण्यांसाठी खुला आहे.

हे सहज टिकलेले नाही. धरणांमुळे आसपासच्या काही वस्त्या पाण्याखाली गेल्या, तरुण शहरांकडे निघाले, घरे कमी होत गेली. तेव्हा १९७१ मध्ये गावकऱ्यांनी एकत्र येऊन तीन गोष्टी ठरवल्या: घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. छपराचे गवत तीस-चाळीस वर्षांनी बदलावे लागते. त्या कामाला अख्खे गाव येते. या रीतीला ‘यूई’ म्हणतात. आपल्याकडची इर्जिक किंवा सावड आठवा, तोच प्रकार.

आता आपल्या भागाकडे पाहू. कमठाणा, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यातली जुनी घरे माळवदाची. पुढे ढेळज, आत ओसरी, धान्याला बळद, उजेडाला आणि धुराला छतात सवणे. दर उन्हाळ्यात माळवदावरचे गवत काढून पांढरी माती टाकायची, नाहीतर पावसाळ्यात गळती ठरलेली. म्हणजे हे घरही माणसांच्या हातांवरच उभे.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि वर्षानुवर्षे साचलेल्या मातीचे छत यांखाली हजारो माणसे गेली. माळवदावरचा विश्वास उडाला, आणि तो उगाच उडाला नाही. त्यामुळे ‘जुने आहे तसेच जपा’ असे कोणी म्हणू नये. पण लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा जिथे मजबूत होता, तिथे भिंती ढासळूनही छत तोलून धरल्याची उदाहरणे आहेत. छतावरचे ओझे कमी करणे, भिंती बांधून घेणे, सांगाडा तपासणे हे जाणकार अभियंत्याकडून करून घेता येते.

खरी अडचण वेगळीच आहे. घराच्या उताऱ्यावर आठ-दहा नावे, प्रत्येक जण वेगळ्या शहरात, दाराला कुलूप. न राहणारे घर आपणहून पडते आणि मग नक्षीचे खांब लाकडाच्या भावाने जातात.

दिवाळीला आपण चुलत-आते भावंडे गावी जमतोच. या वेळी एक दिवस घरासाठी काढू या. मोजमाप घेऊन नकाशा काढू, प्रत्येक खोलीचे फोटो घेऊ, कुठल्या कोनाड्यात काय असायचे ते आजीला विचारून लिहून ठेवू. आणि उताऱ्यावर नाव असलेल्या सगळ्यांना एकत्र बसवून एकच प्रश्न विचारू: दर उन्हाळ्यात या घराला हात लावायला कोण कोण येणार?