जीपचे इंजिन बदलताना
महिंद्राच्या जुन्या जीपगाड्या पेट्रोलवर चालत. डिझेलला खर्च कमी, म्हणून पुष्कळांनी इंजिनच बदलले. यात काय होते, ते आपण पाहू.

पेट्रोल ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात हवा दाबली की खूप तापते. तिच्यात उडालेले तेल आपोआप पेटते. हा दाब सोसायला इंजिन भक्कम लागते, म्हणून ते जड असते. त्या भाराने पुढचे पाटे दबतात, ब्रेक कमी पडतो. आलापल्ली-भामरागडच्या जंगलात गाडी अडली, तर मिस्त्री कुठून आणायचा?

शिवाय १९८८ च्या मोटार कायद्याप्रमाणे आधी आरटीओची परवानगी हवी. आरसी बुकात नोंद नसेल, तर अपघातानंतर विम्याचे पैसे अडू शकतात.

म्हणून आम्ही सांगतो : आधी परवानगी, मग इंजिन, आणि इंजिनाबरोबर पाटे, ब्रेकही.