दवात विझणारी आग
(लेखमाला : भूमी आणि तिची माणसं – लेखांक ५)

गेल्या आठवड्यात आपण आईबापांपासून तोडून नेलेल्या ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी मुलांची हकिगत पाहिली. १९९७च्या ‘ब्रिंगिंग देम होम’ अहवालानं ती देशासमोर ठेवली आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. जखम झाली होती, हे निदान कबूल झालं. ती भरते कशी, हे पाहायला आज ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, पश्चिम आर्नहेम लँडच्या खडकाळ पठारावर जाऊ.

इथली माणसं ‘कंट्री’ म्हणतात तेव्हा त्यात जमीन, पाणी, प्राणी, पूर्वज, गाणी, भाषा आणि त्या जागेशी नातं सांगणारं सगळं गणगोत येतं. पुष्कळ दिवसांनी तिथं पाऊल ठेवलं, की हाक मारून ‘आम्ही आलोय’ असं तिला सांगतात. मला मराठीत नेमका शब्द सापडला नाही. त्यातल्या त्यात ‘भूमी’ जवळचा वाटतो.

विसाव्या शतकात मिशन, वसाहती आणि मजुरीच्या ओढीनं हे पठार जवळजवळ ओस पडलं. माणसं उतरून गेली आणि वरची आग बदलली.

इथं वर्षाचे सहा ऋतू. त्यांतला येक्के साधारण मे-जूनचा. तेव्हा गवत वरून वाळलेलं आणि बुडाशी ओलं असतं. काडी लावली की ज्वाळा बुटकी राहते, सावकाश सरकते. झाडांच्या शेंड्यांना धग पोहोचत नाही, प्राण्यांना बाजूला व्हायला वेळ मिळतो. रात्री दव पडलं की आग आपसूक विझते. मागं जळकी-हिरवी ठिगळं उरतात. पुढं कडक उन्हाळ्यात वणवा आलाच, तर जळक्या ठिगळापाशी त्याला खायला काही मिळत नाही. काडी कुणी, कुठं, कधी लावायची हे त्या भूमीचे वारस ठरवतात. तेच नाहीसे झाल्यावर वणवे मोकाट सुटले आणि अनबिनिक वृक्षांची जुनी राई होरपळू लागली.

चित्रकार बारदायल ‘लॉफ्टी’ नाजामेरेक यांचं तरुणपण याच पठारावर गेलं होतं. म्हातारपणी ते परतले, काबुलवार्नाम्यो इथं वस्ती केली आणि नव्या पोरांना आग शिकवली. २००९ मध्ये ते गेले. त्यांचं नाव न उच्चारता त्यांना ‘वामुद नामोक’ म्हटलं जाऊ लागलं. मृताचं नाव काही काळ न घेण्याची तिथली रीत आहे. त्याच वर्षी वार्डेकेन हे आदिवासींच्या देखरेखीखालचं संरक्षित क्षेत्र जाहीर झालं. त्याआधी, २००६ पासून, सुमारे २८,००० चौरस किलोमीटरवर ही वेळेवरची आग पुन्हा पद्धतशीर लावली जाऊ लागली. वणवे घटले की हवेत जाणारे हरितगृह वायू घटतात, आणि त्यापोटी, आपल्या उत्सर्जनाची भरपाई म्हणून, एका गॅस कंपनीकडून पैसा येऊ लागला. ही मदत नाही, घामाची कमाई आहे. मला हे फार मोलाचं वाटतं.

आणि माणसांचं काय? २००९ मध्ये ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’त आर्नहेम लँडमधल्या २९८ प्रौढांचा अभ्यास आला. भूमीची निगा राखण्यात ज्यांचा वाटा जास्त, त्यांचा आहार चांगला, हालचाल अधिक, मधुमेह कमी आणि हृदयविकाराचा धोकाही कमी आढळला. मुळात धडधाकट तेच रानात जात असतील, ही शंका रास्त आहे. एका अभ्यासानं ती फिटत नाही. पण १९८९च्या राष्ट्रीय आदिवासी आरोग्य धोरणानं आरोग्याची व्याख्या करतानाच एका शरीरापुरतं न पाहता अख्ख्या समाजाचं सामाजिक, भावनिक आणि सांस्कृतिक स्वास्थ्य त्यात धरलं होतं. ती व्याख्या खरी मानायची, तर रानातल्या काबुलवार्नाम्योसारख्या छोट्या वस्त्यांना खर्चिक म्हणून नाकं मुरडणं चूक आहे. दवाखान्यावर करतो तसाच हाही आरोग्यावरचा खर्च आहे.

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. तिथल्या सभा-समारंभांच्या आरंभी त्या भूमीच्या मूळ रक्षकांचं नाव घेतलं जातं. सिडनीच्या मध्यवस्तीत गडिगल, मेलबर्नमध्ये वुरुंजेरी. तुमच्या उपनगराची भूमी कुणाची, हे शोधून मुलांना सांगा.

(पुढील लेखांकात : डेली नदीकाठचं ‘दादिरी’, अर्थात शांत बसून ऐकणं)