पुष्यातली गव्हाण

गुरुपुष्याचा मुहूर्त साधून सोने घेणारे पुष्कळ. पण आकाशात पुष्य दाखवा म्हटले की आपली पंचाईत होते. दोष आपला थोडाच, कारण त्यात ठळक तारा एकही नाही.

एप्रिलच्या मध्यास रात्री आठच्या सुमारास पुण्या-मुंबईकडे आपण मान वर केली की पुष्य अगदी डोक्यावर असते. पुनर्वसूची तेजस्वी जोडी आणि मघा यांच्या साधारण मध्यावर, दोन मंद ताऱ्यांमध्ये, एक धुरकट ठिपका दिसतो. ग्रीकांनी त्याला गव्हाण म्हटले, आणि त्या दोन ताऱ्यांना गाढवे! निरभ्र आकाशात गव्हाण दिसेनाशी झाली की पाऊस येणार, असा त्यांचा ठोकताळा होता.

पण हा धूर नव्हे. गॅलिलिओने १६१० च्या आपल्या ग्रंथात येथे चाळीसांवर तारे मोजल्याचे लिहिले. हा सुमारे ६०० प्रकाशवर्षे दूरचा, हजारभर ताऱ्यांचा गुच्छ. सारी एकाच मेघातून जन्मलेली भावंडे. मृगातला असाच ठिपका मात्र खरोखर वायूचा ढग आहे, आणि देवयानीतला तर आपल्या आकाशगंगेसारखी स्वतंत्र दीर्घिका. नुसत्या डोळ्यांना तिन्ही सारखेच!

गव्हाणीला मोठी दुर्बीण नको. तीत ती मावतच नाही. दोन्ही डोळ्यांनी पाहावयाची हातातली दुर्बीण आम्हांला अधिक पसंत. अडचण निराळीच आहे. शहरातून गव्हाण आता रोजच दिसेनाशी असते, आणि पाऊस काही येत नाही! दिव्यांच्या उजेडाने ती गिळली. तेव्हा अमावास्येच्या आसपास गावाबाहेर जावे आणि वीस मिनिटे डोळे अंधाराला सरावू द्यावेत. मध्येच मोबाइल उघडला, की पुन्हा पहिल्यापासून.