कारखान्यातील आकड्यांचा पडदा

साखर कारखान्यातला फळा म्हणजे काय, हे माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या पंचक्रोशीत वाढलेल्या माणसाला समजावून द्यावे लागत नाही. आजचे गाळप, आजवरचे गाळप, साखरेचा उतारा. खडूने लिहिणारा माणूस समोर असे; आकडा उमगला नाही तर त्याला विचारता येई. आता फळ्याच्या जागी संगणकाचा पडदा आला आहे आणि त्याला डॅशबोर्ड म्हणतात. हा शब्द मूळचा घोडागाडीचा. टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली फळी, ती डॅशबोर्ड. पुढे मोटारीत त्या जागी वेगाचा काटा बसला, नाव मात्र तेच राहिले.

आमचा या विषयाशी संबंध आला तो कारणे दाखवा नोटिशीमुळे. कारखान्याचे नाव सांगत नाही. तेथील पडद्यावर प्रत्येक पाळीत गाळप किती तास बंद राहिले, ते एका लाल खांबाने दाखवीत. रात्रपाळीचा खांब सर्वांत उंच! मिल विभागातील कामगारांना नोटिसा गेल्या. आम्ही नोंदवही मागविली, तो बहुतेक तास 'ऊस नाही' या सदरातले निघाले. अवकाळी पावसाने ट्रॅक्टर व बैलगाड्या रानातच रुतल्या होत्या. यंत्र बिघडणे, वीज जाणे आणि ऊस न येणे या गोष्टी वहीत वेगळ्या होत्या. पडद्याने त्या एका रंगात बुडविल्या. चिखल अडविण्याऐवजी त्याने तो कामगारांवर उडविला. नोटिसा मागे घेतल्या गेल्या. परंतु आम्ही तेवढ्यावर थांबलो नाही. पडद्यासाठी लेखी नियमावली हवी आणि ती करताना ज्यांचे काम मोजले जाते त्यांनाही बसवावे, असा आग्रह आम्ही धरला.

नियमावलीत पहिली गोष्ट शब्दांची. 'उतारा' म्हणजे आजचा, की हंगामाच्या आरंभापासूनचा? वजन टनांत, की क्विंटलमध्ये? तेथे घोटाळा झाला तर चूक दहापट होते. परदेशी बनावटीच्या प्रणाली बारा लाखांना १.२ मिलियन म्हणतात. आपला माणूस लाख-कोटींत वाचतो. साखरेचे वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते, हिशेबाचे १ एप्रिलला. तेव्हा नुसते 'यंदा' लिहून भागत नाही.

रंगाचे थोडक्यात सांगतो. लाल म्हणजे 'ताबडतोब पाहा', दुसरे काही नाही. काही पुरुषांना जन्मतःच लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. म्हणून रंगासोबत शब्दही असावा.

खरी गोम मोजपट्टीत आहे. उतारा एके दिवशी १०.२ टक्के व दुसऱ्या दिवशी १०.६ असेल आणि खांब १० पासून उभे केले, तर दुसरा पहिल्याच्या तिप्पट दिसतो. शून्यापासून उभे केले, तर दोन्ही सारखेच वाटतात. आणि हेही खरे नव्हे. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये ठरली, आणि पुढील प्रत्येक ०.१ टक्क्यास ३ रुपये ४६ पैसे, म्हणजे टनामागे ३४ रुपये ६० पैसे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक लहान कसा म्हणावा? म्हणून खांब नेहमी शून्यापासून. उताऱ्यासाठी खांबच नकोत, रेषा काढावी आणि पट्टी कोठून सुरू होते ते ठळक छापावे.

या वाटेने आपल्या आधी गेलेले लोक आहेत. ऑटो न्यूरॅथ यांनी १९२५ साली व्हिएन्नात एक संग्रहालय काढले, तेही सामान्य कामकरी माणसाला समाजाचे आकडे कळावेत म्हणून. संख्या वाढली तर चित्र मोठे करू नये, तेच चित्र अधिक वेळा काढावे, हा त्यांचा दंडक. कारण उघड आहे. उसाची मोळी दुप्पट उंच काढली की ती दुप्पट रुंदही होते, आणि डोळ्याला चौपट भासते.

त्या कारखान्यात आता 'ऊस नाही' याचा खांब वेगळा, करड्या रंगात येतो. नोंद कोणत्या विभागाने, किती वाजता केली हे खाली लिहिलेले असते, म्हणजे विचारायला कोणाकडे जावयाचे ते कळते. शेतकी विभागाला हा बदल फारसा रुचलेला नाही. आता त्यांच्या नावावर तास दिसतात, आणि पाऊस काही आमच्या हातात नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. ते रास्तच आहे. पावसासाठी आणखी एक सदर काढावे, अशी सूचना आम्ही दिली आहे.