पिस्टनच्या माथ्यावरचे तीन टन

मुक्ताईनगरला एदलाबाद म्हणत, त्या काळी तापी-पूर्णेच्या काठच्या कित्येक केळीबागा विहिरीवरच्या डिझेल इंजिनाच्या भरवशावर उभ्या होत्या. ते इंजिन सुरू करण्याची रीत पाहिलेला माणूस ती विसरत नाही. एक हात हँडलवर, दुसरा हेडवरच्या छोट्या लिव्हरवर. लिव्हर उचलून हँडल गरागरा फिरवायचं आणि चाकाने वेग घेतला की लिव्हर सोडायची. ही लिव्हर कशासाठी, हे कळलं की इंजिनाचं निम्मं गणित कळतं.

किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 साली पुण्यात सुरू झाली. तिच्या पाच हॉर्सपॉवरच्या ‘एव्ही-1’चा बोअर 80 मिलिमीटर, स्ट्रोक 110. म्हणजे पिस्टनचा माथा जेमतेम 50 चौरस सेंटिमीटर, चहाच्या बशीहून लहान. सिलिंडरातली हवा साडेसोळाव्या हिश्श्यात कोंबली की दाब दर चौरस सेंटिमीटरला 35 किलोच्या घरात जातो. गुणाकार करा: पावणेदोन टन. हा जोर हाताने रेटणं अशक्य. म्हणून लिव्हर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा धरते, हवा निसटते, चाक मोकळं फिरतं. लिव्हर सोडल्यावर त्या दाबाशी झुंजतं ते फिरतं चाक.

डिझेल पेटलं की दाब साठाच्या आसपास चढतो. बशीहून लहान माथ्यावर तीन टन, पन्नास माणसांचं वजन! अर्थात क्षणभरच. पिस्टन खाली सरकतो तसा दाब ओसरतो. पाच हॉर्सपॉवरवरून उलटा हिशेब मांडला, तर कामाला येणारा सरासरी दाब साडेपाचाच्याही आत भरतो. तोच धक्का दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे 1500 फेऱ्यांत मिनिटाला 750 वेळा बसतो, तेव्हा पाणी वर येतं.

‘टीव्ही-1’चा स्ट्रोक तोच, फेरेही तेच 1500, बोअर मात्र 87.5. साडेसात मिलिमीटरने माथ्याचं क्षेत्रफळ वीस टक्के वाढलं. ताकद मात्र पाचावरून सातावर गेली, चाळीस टक्के. उरलेली वाढ दाबाची. दाब आणि क्षेत्रफळ दोन्ही थोडे वाढले, की गुणाकार असा फुगतो.

शेजारच्या भुसावळने याच सूत्राची दुसरी बाजू पाहिली, वाफेच्या इंजिनांची. ब्रॉडगेजच्या ‘डब्ल्यूपी’ इंजिनाच्या बॉयलरचा दाब दर चौरस इंचाला 210 पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला पंधरा किलोही नाही. पण सिलिंडरचा व्यास सव्वावीस इंच. पूर्ण दाब लागला तर एकेका पिस्टनवर तीस टन.

जोर असा दाबावर उभा असतो, म्हणून विहिरीवरचं इंजिन ओढेनासं झालं की नुसतं डिझेल वाढवू नका. रिंगा झिजल्या असतील, लाइनर खाल्ला असेल, तर दाब खाली क्रँककेसमध्ये निसटतो आणि जास्तीचं डिझेल काळा धूर होऊन जातं. इंजिन बंद असताना लिव्हर न उचलता हँडल हळूच फिरवून पाहा. जागेवर घट्ट अडलं तर कॉम्प्रेशन शाबूत आहे. आणि हेड उतरवलंच, तर नट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने, सारखे आवळा. पिस्टनला खाली ढकलणारे तीन टन त्याच क्षणी हेडलाही वर ढकलत असतात.